गोळधाण्याची बिनदुधाची बिस्किटं

आलात का वहिनी? रात्री अकराला फाटक वाजलं तेव्हाच मी यांना म्हटलं, भुसावळची मंडळी आली. वापीहून रिक्षा लगेच मिळाली ना? आईंचे गुडघे कसे आहेत आता? बरं, बॅगा नंतर उघडा, आधी इकडे कुंपणाशी या. आणि वेलीवर एकही गोकर्ण दिसत नाही म्हणून माझ्याकडे असं बघू नका. फुलं तुमच्या धाकटीनेच तोडलीत, मला विचारून. तुम्ही माहेरी गेलात आणि इकडे तुमच्या स्वयंपाकघरात जे काही झालं, त्याबद्दल फोनवर तिने तुम्हाला "एक ऑर्डर होती" एवढंच सांगितलं असणार. मी ओळखते ना तिला. म्हणून सगळं मीच सांगते.

समोरच्या बेनच्या मुलीचा गोळधाणा, म्हणजे त्यांच्यातला साखरपुडा, दसऱ्याला झाला, ते तर तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा सुरतेचा, नोकरीला बंगळूरला. दिसायला नीटस, पगार चांगला, मोठ्यांशी बोलताना आवाज खाली. आणि वीगन! तुम्ही म्हणाल, त्यात काय, अर्धं गुजरात शाकाहारी आहे. अहो, तसं नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मध नाही. चहासुद्धा काळा. आणि सोयरीक जमली कुठे, तर ज्या घराने दूध मंडळीत दोन वेळा दूध घालून पोरांची शिक्षणं केली, त्या घरात! बेनच्या सासूबाईंना, म्हणजे बांना, हे कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं म्हणे, "मांदो छे के?" आजारी आहे का मुलगा?

गोळधाण्याची काही अडचण नव्हती. गूळ आणि धणे, त्यात दुधाचा संबंधच नाही. आपल्या साखरपुड्यातही साखर आणि नारळच खरं तर. अडलं ते पाहुण्यांना द्यायच्या डब्यांपाशी. पेढे गेले, बर्फी गेली. बेन म्हणाल्या, काजूकतली देऊ, त्यात दूध कुठे असतं? तर मुलीने वरच्या वर्खावर बोट ठेवलं. पूर्वी चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्याच्या नाहीतर कातड्याच्या पानांत ठेवून कुटायचे, हे माहीत होतं तुम्हाला? २०१६ मध्ये एफएसएसएआयने त्यावर बंदी घातली, आता कागदातला किंवा यंत्रावरचा मिळतो. पण दुकानातला वर्ख कुठल्या पानातून आलाय हे बघायला कोण जातं? मुलगा बिचारा काहीच मागत नव्हता. मुलीचा हट्ट होता, की माझ्या गोळधाण्याच्या डब्यातलं त्याला स्वतःला खाता आलं पाहिजे. मग तिला तुमच्या धाकटीची आठवण झाली. दीडशे डबे, डब्यात चार चार बिस्किटं, आणि वर नक्षी.

धाकटी आधी माझ्याकडे आली. मी म्हटलं, एवढं घाबरतेस काय, सरळ नानकटाई कर. आपल्या लहानपणी मे महिन्यात नाहीतर दिवाळीआधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून बेकरीत न्यायचो की नाही आपण? तिथे नंबर लावून बसायचं आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून घरी यायचं. त्यात अंडं नव्हतं, दूध नव्हतं, आणि साजूक तूप परवडत नव्हतं म्हणून डालडा. म्हणजे चाळीच्या चाळी वीगन बिस्किटं खात होत्या आणि एकालाही पत्ता नव्हता! तेव्हा परवडत नाही म्हणून केलं, तेच आता तत्त्व म्हणून करायचं आणि वर चढे पैसे मोजायचे. माझं हे मत मी बेनसमोरच बोलून दाखवलं.

पण बेनचं माहेर सुरत. नानकटाई म्हटल्यावर त्या कशाला गप्प बसतायत? "ए तो अमारी!" म्हणाल्या. मग ती गोष्ट सुरू झाली. डचांची वखार होती तेव्हा त्यांच्यासाठी सुरतेत बेकरी होती. जाताना ती त्यांनी पारशी कामगाराच्या हवाली केली. गोरं गिऱ्हाईक गेलं, पाव खपेना, वाळायला लागला, आणि तो वाळका पावच लोकांना आवडायला लागला. त्यातून बिस्किटं निघाली. त्यांतलं अंडं आणि ताडी इथल्या गिऱ्हाइकाला चालेना, म्हणून तेही गळलं आणि नानकटाई आली. दोतीवाला बेकरीच्या नावाने सुरतेत ही गोष्ट घरोघर सांगतात. खरी किती, खोटी किती ते सुरतवाल्यांनी बघावं. मला त्यातली एक गोष्ट पटते. चवीसाठी नाही, गिऱ्हाईक टिकावं म्हणून अंडं गेलं. आता त्याच सुरतेच्या जावयासाठी तूप चाललंय.

तर डालडा. तुमच्या धाकटीने नावाबरोबर नाक मुरडलं. म्हणे ट्रान्स फॅट. मी म्हटलं, अगं, २०२२ पासून सरकारने दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय, आता तो जुना डालडा राहिला नाही. पण नाही म्हणजे नाही. तिने खाण्याचं खोबरेल मागवलं. हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "ते डोक्याला लावतात ना?" तिने काही उत्तर दिलं नाही, पहिला घाणा निघाल्यावर एक बिस्कीट यांच्या पेपरावर ठेवलं. दुसरं यांनी स्वतः उठून घेतलं.

खोबरेलाचा त्रास एवढाच, की साधारण चोवीस अंशांच्या वर ते पातळ होतं, आणि आपल्या सिल्वासात दसऱ्यालासुद्धा घामाच्या धारा. पातळ तेल पिठात घातलं तर ते मोहन झालं. शंकरपाळी कुरकुरीत होते, ठीक आहे, पण बिस्कीट कडक होतं. बिस्किटाला खुसखुशीतपणा हवा तर तूप घट्ट पाहिजे. नानकटाईला आपण परातीत तूप घेऊन तळहाताने पांढरंशुभ्र होईस्तोवर फेसतो, त्यात हवा शिरते, ती भाजताना फुलते. म्हणून खोबरेल फ्रिजमध्ये थिजवायचं, पण दगड होऊ द्यायचं नाही. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे. मग पिठीसाखर घालून फेसायचं. ते फेसायचं काम माझ्याकडे होतं. दंड अजून दुखतोय.

पीठ कुठलं म्हणाल तर नागलीचं. ही माझी सूचना, तिने श्रेय स्वतःकडे घेतलं तर सांगून ठेवते! मैद्याचं बिस्कीट जगभर मिळतं, आणि आपण राहतो नागली खाणाऱ्यांच्या मुलखात. एक वाटी नागलीचं पीठ मंद आचेवर भाजून घेतलं, म्हणजे त्याचा कच्चट वास जातो. त्यात एक वाटी कणीक, कारण नागलीला स्वतःचा चिकटपणा नाही, नुसतीची केली तर हातात भुगा. अर्धी वाटी चेपून पिठीसाखर, अर्ध्या वाटीहून थोडं जास्त खोबरेल, चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ, आणि गोळा वळण्यापुरतं नारळाचं दूध. बेकिंग पावडर अजिबात नाही. मी टाकायला निघाले होते, तिने हात धरला. बरोबर होतं तिचं. फुगलेल्या बिस्किटाला पाठीवर भेगा पडतात, मग चित्र काढायचं कुठे? वर नक्षी करायची तर बिस्कीट सपाट हवं आणि भाजताना पसरायला नको. म्हणून लाटून, कापून झाल्यावर पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. लाटायचं दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये, पाव इंच जाड. मग १७० अंशाला बारा ते चौदा मिनिटं. नागली मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजलंय की नाही ते कळत नाही. कड जराशी कोरडी दिसली आणि खमंग वास आला की काढायचं. गरम असताना मऊच लागतं, निवल्यावर घट्ट होतं. पहिल्या घाण्याच्या वेळी बेन ओव्हनसमोर उभ्या राहून "काची छे, काची छे" करत होत्या, त्यांना अक्षरशः हाताला धरून बाहेर नेलं.

जवसाबद्दल विचारताय का? जवसाची एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की अंड्यासारखी चिकट होते, पण ते केकला. या बिस्किटाला अंडं लागतच नाही, मग त्याची बदली कशाला आणायची?

अंडं लागतं ते वरच्या साखरेला. ते घट्ट पांढरं आयसिंग असतं ना, वाळल्यावर कडक होतं ते, अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून करतात. त्याच्या जागी तुमच्या लेकीने काय घेतलं असेल? काबुली चणे शिजवलेलं पाणी! चणे रात्रभर भिजवायचे, बेताच्या पाण्यात शिजवायचे, त्याच पाण्यात निवू द्यायचे, मग गाळून ते पाणी आटवायचं. अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की थंड करून फेटायचं. माझा विश्वासच बसेना. पांढरा ढीग उभा राहिला भांड्यात. मी भांडं उलटं धरून पाहिलं, हललं नाही. लिंबाचे थेंब आणि व्हॅनिला घातल्यावर चण्याचा वासही गेला. डाळ शिजताना वर जो फेस येतो, कुकरच्या शिटीतून ओट्यावर उडतो आणि आपण शिव्या देत पुसतो, त्यातच हा गुण. हे कुणी शोधलं, तर जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाने, २०१४ च्या सुमाराला. पुढे एका अमेरिकन माणसाने नुसतं हे पाणी आणि साखर फेटून मेरँग जमवलं आणि ते जगभर झालं.

गायकांचं काही सांगता येत नाही बघा. आपल्या सिल्वासात २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगीजांना हाकलायला जी मंडळी आली, त्यांत सुधीर फडके होते. शस्त्रांसाठी पैसे उभे करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम केला होता. शाळेत मी दर वर्षी मुलांना सांगायची आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, गीतरामायणवाले?" हो रे बाबा, तेच. तर गायक बंदूक धरतो, गायक चण्याचं पाणी फेटतो. मला वाईट एवढ्याचंच वाटलं, की पुरण शिजवून त्याच्या कटाची आमटी करणाऱ्या आपल्या घरांत डाळीचं पाणी कधी कुणी टाकलं नाही, आणि ते फेटून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. बाकी ते चणे गेले कुठे विचाराल, तर दोन्ही घरांत छोले. यांनी शेवटी मुगाच्या खिचडीसाठी हात जोडले.

आता रंगाचं भांडण ऐका. मुलीला हवी होती तपकिरी बिस्किटावर नुसती पांढरी नक्षी. बेनना हवा गुलाबी. शुभ कार्यात गुलाबी नको का? किलवणी नाक्यावरून त्या रंगाच्या दोन बाटल्या आणि चांदीच्या गोळ्यांची पुडी घेऊनच आल्या. धाकटी चष्मा लावून बाटल्या वाचत बसली. लाल रंगात एक रंग किड्यांपासून काढतात, निवडुंगावर वाढणारे किडे असतात, ते वाळवून. लेबलवर त्याचा नंबर १२०. बाटलीवर होता १२२, तो कारखान्यात बनलेला, किड्याचा काही संबंध नाही. चला, बाटली पास झाली. पण चांदीच्या गोळ्यांवर ९०४ निघाला, म्हणजे लाख. लाख म्हणजे पुन्हा किडाच. बांगड्यांना चालते, मुलाला चालत नाही. पुडी परत.

मग मुलगी म्हणाली, कारखान्यातला रंग तरी कशाला, बीट किसून पिळू. सगळ्यांना पटलं. बीट शिजायलासुद्धा टाकलं. आणि बेनच्या लक्षात आलं, की पाहुण्यांत चाळीसेक माणसं जैन आहेत आणि बीट कंदमूळ! किड्याचा चालत नाही जावयाला, जमिनीखालचं चालत नाही व्याह्यांच्या मित्रमंडळींना, आणि गुलाबी तर पाहिजेच पाहिजे. तेव्हा वहिनी, माझं लक्ष या कुंपणाकडे गेलं. गोकर्ण गरम पाण्यात टाकलं की पाणी निळंशार होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकतं. वर्गात मी हळदीवर साबणाचं पाणी टाकून हे आम्ल-अल्कलीचं शिकवायची, तसलंच हे. कमी पाण्यात भरपूर फुलं उकळून, आटवून, वरून लिंबू. अगदी बेनच्या साडीचा गुलाबी आला नाही, जांभळट आला. बेन म्हणाल्या, "हवे चालशे." चालशे म्हटल्यावर मी वेल मोकळी केली.

पण प्रत्येक डब्यात गुलाबी फूल एकच टाकलं. बाकी तीन बिस्किटांवर जे काढलंय ना, त्याच्यासाठी तुम्ही इथे असायला हवं होतं.

धाकटीने फोनवर बघून वारली चौक काढायला घेतला होता. चौकोनात चौकोन, कडेला जाळीची नक्षी, मधे एक आकृती. कोन केला होता मेंदीचा करतो तसा, प्लॅस्टिकचा त्रिकोण गुंडाळून. हात स्वच्छ आहे तिचा, रेघ छान येत होती. तेवढ्यात माझी जुनी विद्यार्थिनी आली, ती खानवेलकडची, आता स्वतः शाळेत शिकवते, तुम्ही पाहिलंय तिला. स्वतः वारली. तिने बिस्कीट हातात घेतलं आणि म्हणाली, "बाई, हा देवचौक आहे. लग्नघरात भिंतीवर काढतात, आत पालघट देवी बसते. हा चावून खायचा का?" धाकटीचा कोन तसाच हातात. मी शिकलेली, तीस वर्षं या मुलखात मास्तरकी केलेली, माझ्याही मनात आलं नव्हतं. ती मात्र रागावली नाही. तिने खुर्ची ओढली आणि कोन मागितला. "नाच काढू. नाच कुणीही खावा."

आणि काढला हो! मधे तारपेवाला, भोपळ्याचा तारपा तोंडाला लावलेला, आणि भोवती हातात हात घालून माणसांची फिरत गेलेली साखळी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून अंग, वर ठिपका म्हणजे डोकं, काड्यांचे हातपाय. भिंतीवर हेच गेरूवर तांदळाच्या पिठाने काढतात, बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करतात. इथे नागलीची तपकिरी भिंत आणि साखरेचा पांढरा. ती म्हणाली, काडीपेक्षा कोन सोपा, पण काडीची रेघ थरथरते ती चांगली दिसते, ही फारच गुळगुळीत येते. मग तिने मुद्दाम कोनाचं टोक वेडंवाकडं कापलं.

ही चित्रं काढायच्या बायका. लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गायचं, असा शिरस्ता. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडे येऊन त्यांच्या हातात कागद दिला, आणि पुढे जिव्या सोमा मशेंनी लग्नाबिग्नाचं निमित्त न ठेवता रोज चित्रं काढली. गंजाडचे ते, इथून फार लांब नाही. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. मधल्या काळात वारली चित्र चादरीवर आलं, कपावर आलं, विमानतळावरच्या भिंतीवर आलं, आणि काढणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी गळलं. म्हणून मी बेनना आधीच सांगितलं, हिचे पैसे वेगळे. बिस्किटाच्या दरात मिसळायचे नाहीत. बेनचं तोंड जरा लहान झालं, पण दिले. डब्यातल्या चिठ्ठीवर तिचं नावही छापलं.

चिठ्ठीवरूनही थोडं झालंच. बेनना तो हिरवा व्ही छापायचा होता, पानाचा कोंब असलेला, पाकिटांवर असतो ना हल्ली. तो एफएसएसएआयचा वीगन शिक्का, २०२२ च्या नियमांतला. असा आपल्या मनाने छापता येत नाही त्यांच्या परवानगीशिवाय. तुमच्या धाकटीने सरळ लिहिलं: दूध, तूप, अंडं, मध नाही. गहू आणि नारळ आहे. ज्याला सोसत नाही त्याला कळायला नको का? शहाणी आहे पोर.

आता खरी परीक्षा वाळवण्याची. तुम्ही गेल्यावर परतीचा पाऊस काय कोसळला म्हणता! साखर हवेतलं पाणी ओढते. संध्याकाळी काढलेली माणसं सकाळपर्यंत ओलीच, बोट लावलं की तारपेवाला बोटाला. धाकटी रडायच्या बेतात. पण मी संक्रांतीला हलवा करणारी बाई आहे. तीळ परातीत घेऊन मंद शेगडीवर पाकाचे थेंब सोडत बोटांनी हलवत बसायचं, दिवसचे दिवस. काटा कधी येतो? कोरडी थंडी असेल तरच. ढगाळ हवा झाली की कितीही बसा, हलवा गुळगुळीत गोटाच राहतो. म्हटलं, आपल्याला थंडी नको आहे, कोरडी हवा पाहिजे, आणि ती समोरच्या घरात आहे. एसी खोली नुसती गार करत नाही, हवेतलं पाणीही ओढून बाहेर टाकतो. त्या नळीतून टपटप पडतं ते तेच ना? चला, सहाशे बिस्किटं बेनकडे. पण एसी फक्त बांच्या खोलीत. टेबलावर, कपाटावर, शिलाई मशीनवर, पलंगाच्या अर्ध्या भागात, सगळीकडे ताटं. पहाटे मी बघायला गेले तर बा पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपल्यात आणि बिस्किटं खणखणीत वाळलीत.

बांनी रात्री काही खाल्ली का विचारताय? एका ताटात दोन जागा रिकाम्या होत्या. मी बोलले नाही.

गोळधाण्याला मी मुद्दाम बांच्या शेजारची खुर्ची धरली. काहीतरी होणार हे मला ठाऊक होतं. मुलगा पाया पडायला आला. बांनी जवळ बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, म्हशीने तुझं काय वाईट केलं? तोही शांतपणे बोलला. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या माणसाने १९४४ च्या नोव्हेंबरात संस्था काढली, तिथून हे सुरू झालं, वगैरे. बा म्हणाल्या, त्या साली आमच्या घरी लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, दूध होतं म्हणून पोरं जगली. त्यावर तो म्हणाला, "बा, दुधाचं सोडा. तुमच्या गोठ्यात पाडे किती होते?" वहिनी, मी बांकडे बघितलं. म्हशीला पाडी झाली तर पेढे आणि पाडा झाला तर त्याच्या वाट्याला दूध किती, हे गोठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शेतीला ट्रॅक्टर आल्यावर तर रेड्याला कामच उरलं नाही. बा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या पाड्याचं बोलतोस, तुझ्या बुटांचं बोल." त्याने पाय पुढे केला. कापडी बूट! गोळधाण्याला, जरीच्या कुर्त्याखाली! पट्टासुद्धा कापडी. बा इतक्या हसल्या की कवळी सांभाळावी लागली. "बोले ते करे छे," म्हणाल्या. माझ्या मते लग्न तिथे ठरलं, गोळधाणा नुसता उपचार.

मग त्याने डबा उघडला, नाचाचं बिस्कीट काढलं आणि खाल्लं. बांनीही एक घेतलं, म्हशीच्या दुधाच्या चहात बुडवलं आणि त्याच्या समोर खाल्लं. तो काही बोलला नाही. शहाणा आहे. त्याची आई मात्र माझ्या कानाशी लागली, यात नक्की काय आहे हो, माझा मुलगा घरी माझ्या हातचं गोड खातच नाही. मी तुमच्या धाकटीचा नंबर दिला.

म्हणून तर तुम्हाला आल्या आल्या गाठलं. लग्न माघात आहे आणि दोन्हीकडून मिळून पाचशे डबे व्हायची शक्यता आहे. बेन आज संध्याकाळी तुमच्याकडे येणार. आधी भुसावळची केळी कशी होती विचारतील, मग शेजारधर्म काढतील, मग दर. धाकटीने "आई आल्यावर सांगते" म्हणून ठेवलंय. तुम्ही भिडेला पडू नका. खोबरेलाचा भाव तुम्हीच आधी काढा. चित्र काढणारीचे वेगळे, ते मी बोलून ठेवलंय, त्याला हात लावू देऊ नका. आणि घरगुती धंदा असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती पोरीला आताच करून घ्यायला सांगा, माघाला वेळ नाही फार. एसीच्या विजेचं काढलं त्यांनी तर नुसतं हसा. बांच्या दोन बिस्किटांचं आपण कुठे काढलंय?

पेढ्यांचं? हो, ते राहिलंच. बांनी सांगून टाकलंय, लग्नात पेढे होणार म्हणजे होणार, वेगळ्या टेबलावर, जावयाच्या पाठीमागे. बेन म्हणतात असं काही ठरलेलं नाही. पण काल बांचा भाचा वापीला गेला होता आणि येताना गाडीत दहा किलोची चरवी होती म्हणे. दूध होतं, खवा होता की रिकामी होती, ते अजून कळलं नाही. कळलं की सांगते.